एन मायनस वन कित्याक?

जुलै संपत आला होता. गोव्यातल्या एका सड्यावरच्या खाजगी विद्यापीठात बीबीए पहिल्या वर्षाचा स्टॅटिस्टिक्सचा तास चालू होता. काचा ओढून घेतल्या तरी पार्किंगच्या पत्र्यांवरचा पाऊस वर्गात ऐकू येत होता. ओल्या छत्र्या, ओले बूट आणि एसीची गार हवा यांचा मिळून पावसाळ्यात जो कुबट वास येतो, तो सगळीकडे भरून राहिला होता. पडद्यावर स्टँडर्ड डेव्हिएशनचं, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते मोजण्याचं सूत्र आलं; भाजकात एन, म्हणजे आकड्यांची संख्या, वजा एक. तरुण सरांनी ते इंग्रजीतून मोठ्याने वाचलं, लेझरचा लाल ठिपका एकेका अक्षरावरून फिरवला आणि पुढे जायला बोट उचललं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या, वाळपईच्या बाजूने येणाऱ्या मुलीने हात वर केला, तोही जेमतेम कोपरापर्यंत. "सर, हांगा एन मायनस वन कित्याक? एन कित्याक न्हय?" एक वजा का करायचा, सरळ एनने का भागायचं नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मागीर सांगतां," म्हणाले आणि पुढची स्लाइड आली. मुलीने वहीत सूत्राशेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं आणि तास संपेपर्यंत ती ते गिरवत राहिली.

वाईट असं काहीच घडलं नाही. कोणी कोणाला बोललं नाही, हजेरी झाली, तास वेळेत संपला. प्रसंग मनात सलत राहतो तो त्यामुळेच. त्या पन्नास मिनिटांत त्या वर्गात एकच खरा प्रश्न उमटला होता, आणि त्याला 'मागीर', म्हणजे 'नंतर', मिळालं. आपल्याकडे हा शब्द फार मायेचा. जेवायला ये म्हटलं तर मागीर, पैसे दे म्हटलं तर मागीर, त्यात कोणाला राग येत नाही. पण वर्गातला मागीर बहुतेक वेळा कधीच येत नाही, आणि पहिल्या सेमिस्टरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुलांना ते पक्कं कळलेलं असतं.

सर आळशी नव्हते, हे आधी सांगायला हवं. त्यांचं एमकॉम मार्केटिंगमधलं. हा पेपर त्यांच्याकडे आला शुक्रवारी संध्याकाळी, कारण आधी नेमलेल्या मॅडम दुसरीकडे रुजू झाल्या. पहिला तास मंगळवारी होता. तेव्हापासून प्रत्येक युनिटच्या ढीगभर स्लाइड्स ते रात्री जागून करत होते. सूत्र त्यांना पाठ होतं, गणितंही ते बरोबर सोडवत. फक्त त्या एकाच्या वजाबाकीमागे काय आहे, ते त्यांनी स्वतः शिकताना कधी विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं असतं, तरी त्यांच्या सरांनी बहुधा मागीरच म्हटलं असतं.

उत्तर तसं अवघड नाही. तीन मुलं बसस्टॉपवर किती मिनिटं थांबली ते घेऊ: ४, ६ आणि ११. सरासरी ७. सरासरीपासूनचं अंतर: वजा ३, वजा १, अधिक ४. या तिघांची बेरीज शून्य, आणि ती नेहमी शून्यच येणार. म्हणजे पहिली दोन अंतरं कळली की तिसरं आपोआप ठरलं. मोकळी अंतरं दोनच. आता वर्ग करून मिळवू: ९, १ आणि १६ मिळून २६. समजा, सगळ्या प्रवाशांची खरी सरासरी ७ नसून ८ आहे. मग तीच बेरीज १६, ४ आणि ९ मिळून २९ होते. नमुन्याची सरासरी ही त्या नमुन्यातल्या आकड्यांच्याच सर्वांत जवळ बसलेली असते, म्हणून तिच्यापासून मोजलेला पसारा जवळजवळ नेहमी थोडा कमी भरतो. तो भरून काढायला भाजक लहान, मोकळ्या अंतरांइतका, घ्यायचा. तीनने भागलं तर ८.६७, दोनने भागलं तर १३; त्याचं वर्गमूळ म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. या दुरुस्तीला बेसेल या जर्मन गणितज्ञाचं नाव आहे. बोर्डवर सहा ओळी, वेळ फार तर सात मिनिटं. जो हे एकदा स्वतःच्या हाताने मांडून बघतो, त्याला पुढे हा प्रश्न कोणी विचारला तर आनंदच होतो.

सात मिनिटं सरांकडे होती. नव्हतं ते 'हे मला जमेल' असं वाटणं.

अल्बर्ट बॅन्डुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ज्याला 'सेल्फ-एफिकसी' म्हटलं, त्याला मराठीत जड शब्द घडवण्यापेक्षा 'जमेल' हे आपलं रोजचं क्रियापद जास्त जवळचं वाटतं. आत्मविश्वास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खणखणीत आवाजाचा माणूस येतो. बॅन्डुराचा मुद्दा त्याहून बारीक आहे. हा विश्वास माणसाच्या स्वभावात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो; तो त्या त्या कामापुरता असतो. गॅदरिंगमध्ये तासभर निवेदन करणारा प्राध्यापक एका साध्या शंकेपुढे गप्प होतो, आणि स्टाफरूममध्ये तोंडही न उघडणाऱ्या बाई प्रॅक्टिकलला उभ्या राहिल्या की सोळा मुलांची सोळा बिघडलेली मांडणी एका फेरीत सरळ करतात. त्यामुळे 'अमक्यात कॉन्फिडन्स नाही' हे वाक्य विभागप्रमुखाने उच्चारूच नये असं वाटतं. कुठल्या पेपरला, कुठल्या युनिटला, कुठल्या वर्गापुढे नाही, एवढं विचारलं तरी निम्मा इलाज हाताला लागतो.

आता दुसरी बाजू. शिक्षणाला सेवा म्हणावं का, यावर मन एकमताने हो म्हणत नाही. 'सर्व्हिस क्वालिटी' हा शब्द बँकेतून, हॉटेलातून आलेला आहे, आणि मुलगी म्हणजे गिऱ्हाईक म्हटलं की काहीतरी टोचतं. पण बागायतीच्या उत्पन्नात कर्जाची भर घालून जो बाप खाजगी विद्यापीठाची फी भरतो, त्याला काय मिळालं हे विचारायचंच नाही, हेही बरोबर नाही. परशुरामन, झाइथाम्ल आणि बेरी या तिघांनी १९८८ मध्ये सेवेच्या दर्जाची जी २२ विधानांची मोजपट्टी दिली, तिच्यात पाच गोष्टी आहेत: डोळ्यांना दिसणाऱ्या सोयी, दिलेला शब्द पाळणं, तत्परता, समोरच्याला खात्री वाटावी असं ज्ञान आणि वागणं, आणि आपुलकी. पाचांतली पहिली पैशाने विकत घेता येते. काचेची इमारत, स्मार्ट बोर्ड, कॅन्टीनमधलं कॉफीचं मशीन, हे जूनमध्ये पालकांना फिरवून दाखवता येतं. उरलेल्या चार गोष्टी वर्गात उभ्या असलेल्या एका माणसातून येतात, आणि त्याला आतून जमेल असं वाटत नसेल तर चारही एकदम सुटतात. 'मागीर सांगतां' या दोन शब्दांत शब्द पाळणं गेलं, तत्परता गेली, खात्री गेली आणि त्या मुलीबद्दलची आपुलकीही गेली. तिच्या बाजूने पाहिलं तर त्या दिवशी विद्यापीठ म्हणजे ते दोन शब्दच होते.

'जमणार नाही' हे क्वचितच भीतीसारखं दिसतं. ते वेगवेगळ्या वेषांत येतं आणि ते वेष ओळखायला शिकावं लागतं. एक वेष पन्नास मिनिटांत साठ स्लाइड्स: वेग इतका ठेवायचा की मध्ये हात वर करायला फटच राहू नये. दुसरा, नोट्स सांगून उतरवून घेणं; लिहिणारं मूल विचारत नाही. तिसरा वेष कडकपणाचा. हजेरीच्या पंचाहत्तर टक्क्यांवरून धाक, उशिरा आलेल्याला बाहेर उभं करणं, आणि वर्ग शांत म्हणजे सगळं ठीक हा समज. चौथा सर्वांत गोड, म्हणून सर्वांत नुकसानीचा: इंटर्नलच्या पंचवीसपैकी सगळ्यांना एकोणीस ते बावीस. कमी मार्क दिले तर मूल उत्तरपत्रिका घेऊन समोर येणार, आणि हे तीन कसे कापले ते समजावून सांगावं लागणार. ते जमणार नाही असं वाटलं की मार्कच वाढवलेले सोपे. मुलं खूश, पालक खूश, ऑफिस खूश. फक्त ज्या मुलाने खरंच बावीसचं लिहिलं, त्याला ते कधी कळतच नाही. उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात २१ प्रश्न असतात; असाइनमेंटमधल्या तुमच्या कामगिरीवर तुमच्याशी चर्चा झाली का, हा त्यातला एक. बाकीच्या वीस प्रश्नांपेक्षा या एकाचं उत्तर आधी वाचावं.

गोव्यात याला भाषेचा एक पदर आहे आणि तो इथल्याच माणसाला कळतो. पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या गावांतून आलेले कितीतरी लेक्चरर स्वतः चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकले, पाचवीला इंग्रजीत आले, आणि तेव्हाची ती धांदल अजून त्यांच्या घशात कुठेतरी आहे. विषय येत असतो. पण तो न अडखळता इंग्रजीतून येईल का, याची धाकधूक असते. मग वाक्यं पाठ करून आणली जातात, आणि पाठ वाक्याला प्रश्न सोसत नाही. त्या मुलीने कोकणीतून विचारलं तेव्हा सरांना उत्तर कोकणीतून शोधायची मोकळीक आहे असं वाटलंच नाही. कॅम्पसवर इंग्रजीचा नियम, आणि वर्गात केरळची, कर्नाटकची, उत्तरेकडची मुलंही बसलेली. तरी एक वाट असते. बोर्डवर चिन्हं आणि आकडे, एक वाक्य इंग्रजीत, त्यामागून तेच कोकणीत किंवा मराठीत, पुन्हा इंग्रजीत. आकडे सगळ्यांचे असतात. ज्या लेक्चररने हे एकदा करून पाहिलं, त्याचा आवाज दुसऱ्या वाक्याला खाली उतरतो, खांदे सैल पडतात, आणि मागचे बाक पुढे झुकतात. ते झुकणं त्याला दिसतं. तिथून पुढे इंग्रजीही सुधारते.

हे 'जमेल' येतं कुठून? बॅन्डुराने चार झरे सांगितले: स्वतः करून यश मिळणं, आपल्यासारख्याच कोणाला करताना पाहणं, विश्वासाच्या माणसाचा शब्द, आणि आपल्याच शरीराची हालहवाल. गोमंतकीय माणसाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही, कारण जत्रेतलं नाटक त्याने पाहिलेलं असतं. देवळासमोरच्या मांडवात ज्या पोराला पुढे राजा व्हायचं असतं, तो आधी पडदा ओढतो, मग विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग करतो, मग भालदाराचं एक वाक्य, मग धाकट्या भावाची भूमिका. महिनाभर रोज रात्री तालीम. मुख्य भूमिका करणाऱ्याला तो वर्षानुवर्षं चार हातांवरून पाहत आलेला असतो. आणि स्वतः उभा राहतो तेव्हाही विंगेत वही धरून कोणीतरी आहे हे त्याला माहीत असतं. वाक्य विसरत नाही तो बहुधा त्यामुळेच. जत्रेच्या चार दिवस आधी हातात वही देऊन 'तूच राजा' असं सांगणारा दिग्दर्शक आपल्या एकाही गावात सापडणार नाही. शुक्रवारी पेपर देऊन मंगळवारी तास घ्यायला लावणारी टाइमटेबल कमिटी मात्र सापडते.

कामाचा हिशेब मांडला तर ते आणखी स्पष्ट होतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं आणि एकूण ४० तासांचं काम धरलेलं आहे. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे सेमिस्टरला ६० तास, आठवड्याला चार. नव्या पेपरच्या एका तासामागे प्रामाणिक तयारीला तीन तास धरा, हा कमीत कमी अंदाज. दोन पेपर नवे असतील तर आठ तासांची तयारी चोवीस तास. सोळा आणि चोवीस, चाळीस झाले. आठवडा तिथेच संपला. तपासणी, मेंटॉरिंगचे फॉर्म, नॅकच्या फायली, उरलेल्या दोन पेपरांची उजळणी, आणि मे-जूनमध्ये ॲडमिशनसाठी बारावीच्या मुलांना करायचे फोन, हे सगळं चाळिसाच्या बाहेर. जो माणूस जूनमध्ये फोनवर 'आमच्याकडे पर्सनल अटेन्शन मिळतं' म्हणाला, त्यालाच जुलैत त्या मुलीपुढे उभं राहायचं असतं. आपण दिलेला शब्द आपल्यालाच पेलत नाही, हे रोज पाहणं माणसाला आतून पोखरतं. म्हणून पेपर निदान सहा आठवडे आधी द्यावा आणि एकाच माणसाकडे सलग तीन वर्षं ठेवावा. पहिल्या वर्षी तो सिलॅबस निभावतो, दुसऱ्या वर्षी मुलं कुठे अडकतात ते त्याला आधीच कळतं, तिसऱ्या वर्षी तो शिकवतो. दरवर्षी पेपर बदलणारा विभाग दरवर्षी पहिल्या वर्षालाच उभा असतो.

फीडबॅकचं एक वेगळं दुखणं आहे. सेमिस्टर संपल्यावर ऑनलाइन फॉर्म जातो, बावीसांपैकी नऊजण भरतात, पाचपैकी सरासरी निघते आणि ती यादी स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते. नऊजणांत एकाने पाचऐवजी एक दिला तर सरासरी ०.४४ने खाली येते. एवढ्या फरकावर कोणाचा करार पुढे चालू ठेवायचा हे ठरत असेल, तर ते त्या स्टॅटिस्टिक्सच्या तासालाच न बसल्यासारखं आहे. आणि ज्याचा आकडा खाली आला, तो पुढच्या सेमिस्टरला काय करतो? मार्क वाढवतो, प्रश्न टाळतो. त्यापेक्षा चौथ्या-पाचव्या आठवड्यात शिक्षकाने स्वतःच वर्गात कागदाची चिठ्ठी वाटावी, नाव न घालता. दोनच ओळी: आतापर्यंत कुठलं समजलं नाही, आणि मी काय बदलू. पाच मिनिटं. चिठ्ठ्या त्यानेच वाचायच्या, ऑफिसला द्यायच्या नाहीत. पुढच्या तासाला वर्गाला सांगायचं की हे आणि हे आलं, यातलं एक मी आजपासून बदलतो, आणि दुसरं या कारणाने बदलता येत नाही. बदल एकच, पण दिसणारा हवा. मुलांना आपलं ऐकलं गेल्याचं कळतं, आणि त्याला कळतं की ऐकून घेतल्याने आपण कोसळत नाही.

आणखी एक साधी गोष्ट, तिला पैसाही लागत नाही. प्रश्न विचारल्यावर थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने सत्तरच्या दशकात वर्ग रेकॉर्ड करून मोजलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि अधिक मुलं बोलतात. तीन सेकंद म्हणजे मनात सावकाश एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. करून पाहिल्याशिवाय ते किती लांब असतात याची कल्पना येत नाही. ज्याला स्वतःवर भरवसा नाही, त्याला ती शांतता आपल्यावरच्या आरोपासारखी वाटते आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. शांततेची सवय अंगाला लावावी लागते. तेच दारावरच्या 'स्टुडंट अवर: चार ते पाच' या पाटीचं. सत्तरीकडे जाणाऱ्या मुलांची कदंबची बस त्याच सुमाराला सुटत असेल, तर ती पाटी कोणासाठी? दुपारच्या सुट्टीतली वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, कॅन्टीनच्या ठरलेल्या टेबलावर ठेवली तर मुलं येतात. पाव-भाजी खाताना विचारलेली शंका बहुतेक वेळा वर्गातल्या शंकेपेक्षा खरी असते.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. 'जमेल' वाढलं की सगळं भलं, असंही नाही. वीस वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या नोट्स घेऊन, 'मला काय तयारी करायची' म्हणत वर्गात जाणारे आपण पाहिलेले आहेत. त्यांना स्वतःविषयी काडीचीही शंका नसते, आणि त्यांच्या वर्गात प्रश्नचिन्हं आणखी जोरात गिरवली जातात. थोडी धाकधूक हवी, ती माणसाला रात्री पुस्तक उघडायला लावते. हवी ती अशी की उद्यापर्यंत शोधून आणेन एवढा भरवसा तिच्या सोबत असावा.

त्या दिवशी मागच्या बाकावर विभागातल्या ज्येष्ठ मॅडम निरीक्षणाला बसल्या होत्या. निरीक्षणाचा छापील फॉर्म असतो, बारा रकान्यांचा. त्यांनी तो कोरा ठेवला. दुपारी कॅन्टीनमध्ये सरांसमोर बसल्या आणि बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ४, ६, ११ लिहून म्हणाल्या, "यांची सरासरी काढ बघू." पुढची वीस मिनिटं त्यांनी जवळजवळ काहीच सांगितलं नाही, पेन सरांच्या हातात होतं. तिसरं अंतर आपोआप ठरतं हे लक्षात आलं तेव्हा सर एकदम हसले. "हें इतलेंच?" मॅडम म्हणाल्या, "इतलेंच. पूण तिका सांग."

गुरुवारी सरांनी प्रोजेक्टर लावलाच नाही. पाऊस तसाच होता. बोर्डवर बसस्टॉपची मिनिटं मांडली, पहिली दोन अंतरं लिहिली आणि तिसऱ्या जागी रिकामा चौकोन काढून वळले. "किती?" थांबले. मागून कोणीतरी "चार" म्हणालं. "तुका कशें कळ्ळें? हांवें सांगूंक ना मरे." वर्गात कुजबुज झाली, मग तीनचार जण एकदम बोलले, आणि वाळपईची ती मुलगी खाली मान घालून भराभर लिहू लागली. तास संपायला पाच मिनिटं असताना तिचा हात पुन्हा वर आला, या वेळी पूर्ण. "सर, मग एन मायनस टू केन्नाय येता?"

सरांनी बोर्डकडे पाहिलं, घड्याळाकडे नाही. "येता. रिग्रेशनांत, म्हाका दिसता. फाल्यां सांगतां." फाल्यां म्हणजे उद्या. आणि बोर्डच्या उजव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत 'एन वजा दोन' लिहून त्याभोवती चौकोन केला. पुढच्या तासाला आलेल्या अकाउंट्सच्या मॅडमनी बोर्ड पुसला तेव्हा तो कोपरा तेवढा तसाच ठेवला.